हॉटसीटची तयारी : हिमायतनगरहून मुंबईपर्यंत

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत स्पर्धकाची परीक्षा चार ठिकाणी होते : नावनोंदणीचा प्रश्न, निवडचाचणी आणि मुलाखत, सर्वांत जलद उत्तर देण्याची फेरी आणि शेवटी हॉटसीट. घरबसल्या कार्यक्रम पाहणाऱ्याला यातली चौथी परीक्षा पूर्ण दिसते, तिसरी अर्धा मिनिट दिसते आणि पहिल्या दोन दिसतच नाहीत. त्यामुळे ज्याला घरी दहापैकी आठ उत्तरे येतात तो हॉटसीटचीच स्वप्ने पाहतो आणि नोंदणीतच अडकतो. चारही टप्प्यांना लागणारे गुण निरनिराळे आहेत आणि तयारीही निरनिराळीच करावी लागते.

या खेळाचा मूळ साचा ब्रिटनचा. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' तिथे सप्टेंबर १९९८ मध्ये सुरू झाला. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' भारतात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. मराठीत 'कोण होईल मराठी करोडपती' २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाने सुरू झाला. पुढे 'कोण होणार करोडपती' या नावाने सोनी मराठीवर २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांनी आणि नंतर पुन्हा खेडेकर यांनी तो चालवला. म्हणजे मराठवाड्यातल्या स्पर्धकाला हिंदी आणि मराठी अशी दोन दारे आहेत. मराठीचे दार दरवर्षी उघडेलच असे नाही, म्हणून तयारी दोन्ही भाषांत ठेवावी.

हिंदी कार्यक्रमात महाराष्ट्राची कामगिरी पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. नवाथे तेव्हा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होते आणि त्यांचा एक कोटीचा प्रश्न राज्यघटनेवर होता : संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी घटना कोणाला देते? उत्तर होते महान्यायवादी, म्हणजे अॅटर्नी जनरल. हा कलम ८८ मधला नियम घटनेच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात सापडतो. २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी इथल्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत आणि त्यांना महिना १,५०० रुपये मिळत. २०२२ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या कविता चावला गृहिणी, शिक्षण बारावीपर्यंत. २००० पासून त्या या कार्यक्रमात जाण्यासाठी धडपडत होत्या. पदवी, शहर किंवा इंग्रजी शाळा हे या खेळाचे प्रवेशपत्र नव्हे, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

नोंदणी वर्षातून एकदा, काही ठरावीक दिवसच चालते. त्या काळात रोज रात्री वाहिनीवर एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर अॅपवरून किंवा त्या वर्षी जाहीर केलेल्या मार्गाने मुदतीत पाठवायचे असते. प्रश्न सोपे असतात, कारण तो टप्पा गाळणीचा नसून गर्दीचा आहे. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून पुढच्या टप्प्यासाठी नावे निवडली जातात आणि इथे नशिबाचा वाटा मोठा आहे. म्हणून एकाच प्रश्नाचे उत्तर पाठवून थांबू नये, रोजच्या प्रश्नाला रोज उत्तर पाठवावे. घरातल्या ज्या ज्या प्रौढ माणसाला खेळायची इच्छा आहे त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मोबाइलवरून वेगळी नोंदणी करावी. ओळखपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षरशः सारखे ठेवावे. आधारवर आडनाव आधी, बँकेच्या पासबुकात शेवटी आणि पॅनवर वडिलांचे नावच नाही, असे आपल्याकडे सर्रास असते. ते दुरुस्त करायला तहसील आणि बँकेच्या चार खेपा होतात, म्हणून ते काम आधीच उरकून ठेवावे.

याच ठिकाणी सावध राहायला हवे. 'कौन बनेगा करोडपती'च्या, म्हणजे केबीसीच्या नावाने 'तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली' असे व्हॉट्सअॅप संदेश आणि आवाजी फिती वर्षानुवर्षे फिरत आहेत. त्यांच्यासोबत वाहिनीचे चिन्ह, सूत्रसंचालकाचा फोटो आणि बँक अधिकारी म्हणवणाऱ्याचा नंबर असतो. मग कर, प्रक्रिया शुल्क, खाते उघडण्याचा खर्च अशा नावांनी आधी दहा हजार, नंतर पंचवीस हजार मागितले जातात. हा कार्यक्रम लॉटरी काढत नाही आणि स्पर्धकाकडून निवडीसाठी पैसेही घेत नाही. पैसे किंवा ओटीपी मागणारा फोन आला की तो बंद करावा. रक्कम गेलीच असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच तासात तक्रार करावी, कारण पैसा दुसऱ्या खात्यातून काढला जाण्याआधीच तो गोठवता येतो.

निवड झालेल्याला पुढे सामान्यज्ञानाची चाचणी आणि मुलाखत द्यावी लागते. २०२० मध्ये करोनामुळे ही सगळी प्रक्रिया ऑनलाइन झाली. प्रत्यक्ष चाचणीसाठी मोठ्या शहरात जावे लागले तर नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरकरांना रेल्वेची सोय आहे. मुंबईची नंदीग्राम एक्स्प्रेस मुदखेड-आदिलाबाद मार्गावरून, म्हणजे हिमायतनगरवरूनच जाते. मुलाखतीत निवड समिती दोन गोष्टी पाहते. हा माणूस कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलेल का, आणि त्याची गोष्ट प्रेक्षकाला ऐकावीशी वाटेल का? इथे बहुतेक जण गडबडतात. एक तर गरिबीचे रडगाणे गातात, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीसारखी पदव्यांची यादी वाचतात. स्पर्धकाने आपल्या आयुष्यातल्या दोन-तीन खऱ्या, नेमक्या गोष्टी तयार ठेवाव्यात : पैनगंगेला पूर आला तेव्हा शेताचे काय झाले, दुकान कसे उभे केले, मुलीला शिकवण्यासाठी कोणती वस्तू विकली. 'जिंकलेल्या पैशाचे काय कराल?' या प्रश्नाला 'समाजसेवा' असे मोघम उत्तर देऊ नये. 'विहिरीला आडवे बोअर मारणार, मुलाच्या नर्सिंगची फी भरणार' असे उत्तर ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते. बोलीची लाज तर मुळीच बाळगू नये. आपल्याकडची मराठी, तिच्यातले दखनी आणि तेलुगू शब्द, ही स्पर्धकाची ओळखच आहे.

आता अभ्यास. स्पर्धापरीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांपासून सुरुवात करू नये. त्यांत योजना, आयोग आणि कलमे भरपूर असतात. पण चित्रपट, खेळ, रामायण-महाभारत, स्वयंपाकघरातले विज्ञान आणि म्हणी त्यांत नसतात, आणि बक्षिसांच्या शिडीच्या खालच्या अर्ध्या भागात नेमके तेच विचारले जाते. बालभारतीची पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञानाची पुस्तके हा पाया आहे. ती शांतपणे, गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचून काढावीत. वर रोजचे एक दैनिक आणि शंका आली की मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभा केलेला हा कोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. हिमायतनगरच्या हुतात्मा जयवंतराव पाटील महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांना ग्रंथालय हाताशी असते, त्याचा लाभ घ्यावा.

तरीही वाचलेले डोक्यात टिकते कसे हा खरा प्रश्न आहे. सुटी माहिती पाठ केली तर ती आठवड्यात जाते. टिकते ती ओळखीच्या गोष्टीला बांधलेली माहिती. नांदेड जिल्ह्यातल्या माणसाजवळ अशा ओळखीच्या गोष्टींचा मोठा साठा आहे आणि त्यातल्या बऱ्याच देशपातळीवर विचारल्या जाण्याजोग्या आहेत. माहूरची रेणुका साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. मग कोल्हापूर, तुळजापूर आणि अर्धे पीठ वणी हे सोबतच आले. नांदेडचा हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. उरलेली चार म्हणजे अमृतसरचे अकाल तख्त, आनंदपूरचे केसगढ साहिब, तलवंडी साबोचे दमदमा साहिब आणि पाटणा साहिब. गुरू गोविंदसिंग यांचा जन्म पाटण्याचा आणि निर्वाण १७०८ मध्ये नांदेडला, म्हणजे साखळीची दोन्ही टोके हाती लागली. शेजारच्या हिंगोलीतले औंढा नागनाथ आणि बीडमधली परळी यांच्यापासून बारा ज्योतिर्लिंगांची यादी राज्यवार लावता येते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तिथून रिश्टर मापन, भूकंपलहरी, भूज २००१ असे पुढे जाता येते.

सगळ्यांत लांब साखळी मराठवाडा मुक्तिसंग्रामाची आहे. १७ सप्टेंबर १९४८ हा मुक्तीचा दिवस इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. त्यामागे हैदराबाद संस्थान, सातवा निझाम मीर उस्मान अली खान, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, सरदार पटेल, कन्हैयालाल मुन्शी, १३ सप्टेंबरला सुरू झालेले 'ऑपरेशन पोलो' आणि त्याचे सेनानी जयंतो नाथ चौधरी. पुढे १९५६ ची राज्यपुनर्रचना, मराठवाड्याचा मुंबई राज्यात समावेश आणि १ मे १९६०. बाजूला जुनागड आणि काश्मीर. एका दिवसापासून निघून स्पर्धक आधुनिक भारताच्या इतिहासाचा मोठा भाग फिरून येतो, तोही न घोकता. वही करायची तर अशी करावी : पानाच्या मधोमध गावातली किंवा जिल्ह्यातली एक गोष्ट आणि तिच्याभोवती तिने आठवण करून दिलेल्या दहा गोष्टी.

हिंदी कार्यक्रमासाठी आकड्यांचा वेगळा सराव लागतो. उनसठ, उनहत्तर, उन्यासी, नवासी हे ५९, ६९, ७९ आणि ८९ आहेत. घाईत ऐकले तर मराठी कानाला ते हमखास चकवतात. रोज दहा मिनिटे हिंदी बातम्या ऐकून आकडे लिहून काढले की ही अडचण महिन्याभरात संपते.

जलद उत्तराची फेरी, 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट', हा बहुतेकांचा शेवट असतो. मुंबईपर्यंत पोहोचलेले, हुशार, घरच्यांना सोबत आणलेले स्पर्धक इथून परततात, आणि कारण ज्ञानाचे नसून सवयीचे असते. या फेरीत बहुधा चार गोष्टी क्रमाने लावायच्या असतात. बरोबर उत्तर देणाऱ्यांत ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो हॉटसीटवर जातो आणि फरक सेकंदाच्या शतांशातही असू शकतो. आपल्याकडच्याच उदाहरणाने पाहू : 'मुख्यमंत्रिपदी प्रथम आले त्या क्रमाने लावा - अ. विलासराव देशमुख, ब. शंकरराव चव्हाण, क. अशोक चव्हाण, ड. शिवाजीराव पाटील निलंगेकर.' नांदेड-लातूरच्या माणसाला ही चारही नावे तोंडपाठ असतात. शंकरराव १९७५, निलंगेकर १९८५, विलासराव १९९९, अशोकराव २००८, म्हणजे उत्तर ब, ड, अ, क. पण सराव नसलेला माणूस चौघांची वर्षे आठवत बसतो. सरावाचा माणूस प्रश्न वाचला जात असतानाच क्रम कशाचा आहे, आधीपासून नंतर की नंतरपासून आधी, लहान ते मोठे की मोठे ते लहान, हे पक्के करतो. पर्याय दिसताच पहिला आणि शेवटचा उचलतो आणि मधल्या दोघांतच विचार करतो. चार गोष्टींचे चोवीस क्रम होतात. दोन टोके पक्की झाली की दोनच उरतात.

या फेरीचा सराव घरी फुकट करता येतो. घरातल्या कुणीतरी रोज वीस प्रश्न तयार करावेत : नागपूर, नांदेड, लातूर, सोलापूर उत्तरेकडून दक्षिणेकडे; हिमायतनगरहून मुंबईकडे जाताना मुदखेड, नांदेड, परभणी, मनमाड; ग्रह, युद्धे, पंतप्रधान, चित्रपट. उत्तर बोलायचे नाही, मोबाइलवर अ-ब-क-ड अशी चार चौकटी करून बोटाने दाबायचे आणि वेळ मोजायची. बोटाला सवय लागणे हाच यातला अर्धा अभ्यास आहे. घाईत चुकीचे दाबण्यापेक्षा अर्धा सेकंद उशीर बरा, कारण चुकीच्या उत्तराला वेळेचा काहीच उपयोग नाही.

हॉटसीटवर गेल्यावर खेळ ज्ञानाचा जेवढा, तेवढाच निर्णयाचा होतो. रकमांची शिडी आणि नियम दर पर्वात थोडे बदलतात, म्हणून इथे २०१९ ची शिडी धरली आहे : १०,००० आणि ३,२०,००० हे दोन पडाव, पंधराव्या प्रश्नाला एक कोटी आणि सोळाव्याला सात कोटी. पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद आणि त्यानंतर वेळेचे बंधन नाही. पडाव म्हणजे पुढचे उत्तर चुकले तरी जिथे घसरून थांबता येते ती रक्कम. यातून पहिला नियम निघतो. पडाव गाठल्यानंतरचा लगेचचा प्रश्न, म्हणजे सहावा आणि अकरावा, कधीही सोडू नये. ३,२०,००० वर असताना ६,४०,००० चा प्रश्न चुकला तरी ३,२०,००० हातात राहतातच. उत्तर अजिबात येत नसले तरी अंदाजाने द्यावे, गमावण्यासारखे काही नसते. घाबरून इथेच खेळ सोडणारे स्पर्धक दिसतात तेव्हा वाईट वाटते.

पुढच्या प्रश्नांचा हिशेब निराळा आहे. ६,४०,००० वर बसून १२,५०,००० साठी खेळताना चुकले तर ३,२०,००० जातात आणि बरोबर आले तर ६,१०,००० वाढतात. म्हणजे साधारण ३५ टक्के खात्री असली तरी आकडेमोड खेळण्याच्या बाजूने झुकते. २५ लाखांवरून ५० लाखांकडे जाताना चुकण्याची किंमत २१,८०,००० आहे, तिथे किमान ४७ टक्के खात्री लागते. ५० लाखांवरून कोटीकडे जाताना ती ४८ टक्क्यांवर जाते. पण हे झाले कागदावरचे गणित. ज्या घराची वर्षाची मिळकत लाखभर आहे, त्या घराला पंचवीस लाख गमावण्याचे दुःख पंचवीस लाख वाढण्याच्या आनंदापेक्षा मोठे असते आणि ते तसे मानणे शहाणपणाचेच आहे. म्हणून दहा लाखांच्या वर गेल्यावर सामान्य कुटुंबातल्या स्पर्धकाने ७५-८० टक्के खात्रीशिवाय खेळू नये. सात कोटींच्या प्रश्नाला तर आकडेमोड अवघ्या १४ टक्क्यांवर 'खेळा' म्हणते. तिथे तिचे मुळीच ऐकू नये.

खात्री किती हे स्वतःला कळते का? बहुतेकांना कळत नाही. त्यासाठी घरचा एक सराव फार उपयोगी आहे. प्रश्न सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे खात्रीचा आकडा लिहावा : ५०, ७०, ९०. दोनशे प्रश्न झाले की तपासावे. ज्यांच्यापुढे ९० लिहिले त्यांतली दहापैकी नऊ बरोबर आली का? सहाच आली असतील तर तो माणूस स्वतःवर जास्त विश्वास ठेवतो आणि त्याने हॉटसीटवर एक पायरी आधी थांबावे. उलट ५० लिहिलेली दहापैकी आठ बरोबर येत असतील तर त्याने थोडे धाडस वाढवावे.

जीवनरेखा, म्हणजे अडल्यावर घ्यायच्या मदती, याही पर्वागणिक बदलतात. प्रेक्षकांचा कौल चित्रपट, क्रिकेट, सण आणि रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नांवर भरवशाचा असतो, वरच्या प्रश्नांवर तो फसवतो. म्हणून तो जपून शेवटपर्यंत न्यायची चूक करू नये, दहाव्या प्रश्नाच्या आत वापरून टाकावा. दोन चुकीचे पर्याय काढून टाकणारी '५०-५०' दोन पर्यायांत अडकल्यावर घेतली तर संगणक नेमके तेच दोन ठेवून मोकळा होऊ शकतो. एखादाच पर्याय बाद करता येत असेल तेव्हा ती जास्त कामाला येते. फोन किंवा व्हिडिओ कॉलचा मित्र निवडताना नात्यापेक्षा विषय पाहावा. स्पर्धकाला विज्ञान येत असेल तर मित्र इतिहासाचा किंवा खेळाचा हवा. हाती अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ असतो, त्यात नमस्कार-चमत्कार करायचे नसतात. प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे आणि विचारायचे, 'किती टक्के?' हे सहज जमेपर्यंत आधी पाच-दहा वेळा करून पाहावे. मित्र खेड्यात राहत असेल तर चित्रीकरणाच्या दिवशी त्याने नांदेडसारख्या, नेटवर्क नीट मिळणाऱ्या ठिकाणी बसावे.

चित्रीकरणाचा दिवस लांब असतो आणि बराचसा वाट पाहण्यात जातो. स्टुडिओत थंडी आणि प्रखर दिवे दोन्ही असतात. सवयीचे, आरामदायी कपडे घालावेत, पोटभर पण हलके खावे. प्रश्न पूर्ण वाचून होण्याआधी उत्तर बोलू नये, कारण 'यांपैकी कोणते नाही' मधला 'नाही' बहुधा शेवटी येतो. उत्तर पक्के करण्याआधी पर्यायाचे अक्षर आणि नाव दोन्ही स्पष्ट सांगावे. निकाल भाग प्रसारित होईपर्यंत गुप्त ठेवण्याची अट करारात असते, ती पाळावी. गावात आधीच मिरवणूक काढू नये.

शेवटी पैशाचा भाग, ज्याची कल्पना जिंकून येईपर्यंत बहुतेकांना नसते. टीव्हीवरच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर लागतो. त्याला किमान उत्पन्नाची सूट नाही, विमा किंवा बचतीची वजावटही नाही आणि वर ४ टक्के उपकर. ३,२०,००० जिंकणाऱ्याच्या हाती सुमारे २,२०,००० येतात. ५० लाखांच्या वर अधिभारही लागतो, म्हणून एक कोटीचे हातात साधारण ६५ लाख राहतात. कराचा मोठा भाग आधीच कापून उरलेली रक्कम बँक खात्यात जमा होते. तरीही त्या वर्षाचे आयकर विवरणपत्र भरावेच लागते आणि त्यासाठी कर कापल्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते. पैसा येताच उसनवारी मागणारे, भागीदारी सुचवणारे आणि जमिनीचे दलाल दारात उभे राहतात. २०११ मध्ये पाच कोटी जिंकणारे बिहारचे सुशील कुमार यांनी पुढे त्या काळातल्या आपल्या फसवणुकीबद्दल जाहीरपणे लिहिले आहे. म्हणून रक्कम जमा झाल्यावर पहिले सहा महिने ती मुदत ठेवीत ठेवावी, आणि कर्ज असेल तर तेवढेच आधी फेडावे.